शुद्धिपत्र

शोकसभेचं पत्रक तपासायला आणलं पोरानं
फैजपूरच्या स्टँडमागच्या डीटीपी सेंटरातून.
‘थोर विचारवंत, निर्भीड पत्रकार, समाजभूषण
कै. निळकंठ डोंगर फिरके.’
काका, शुद्धलेखन तेवढं बघून द्या.

शुद्धलेखन बरोबर आहे, बाळा.

बावीस वर्षं मी ह्या माणसाचे खिळे जुळवले.
पाक्षिक ‘उलटतपासणी’, किंमत तीस पैसे,
ट्रेडलवरून उतरलेला अंक वाळायच्या आत
यावल-रावेरातून शिव्या यायच्या.

त्यानं लिहिलं, केळी हे पीक नव्हे,
सातपुड्याच्या पोटातलं पाणी आपण
वर साल लावून
वॅगनीत भरतो आणि दिल्लीला धाडतो.
त्या आठवड्यात त्याची लुना विहिरीत सापडली.
विहीर कोरडी होती, म्हणून लुना वाचली.
हेही त्यानं छापलं, चौकटीत.

त्यानं लिहिलं, बोली वाचवा म्हणणाऱ्यांची पोरं
पुण्यात कोणत्या भाषेत पाणी मागतात ते कळवा.
त्यानं लिहिलं, पाड्यावरच्या तडव्याची जमीन
कोणाकोणाच्या सातबाऱ्यावर चढली,
आणि खाली नावं. पहिलं त्याच्या सख्ख्या मामाचं.
तोंडाला वंगण फासलं तेव्हा
स्टँडच्या नळावर धूत होता, मी मग धरला होता.
म्हणाला, काबरं रे, डाव्या कानात राह्यलं का?

आणि आणीबाणीत सलग तीन अंक
शिस्तीचं कौतुक.
माझा मावसभाऊ नाशिकच्या जेलात,
मी एक काना चुकवला नाही.
आडनावच फिरके, लोक म्हणाले, फिरायचाच.
पण तो कुठं फिरला? शेवटपर्यंत तिथंच उभा.
मतांचं शुद्धिपत्र त्यानं कधी काढलं नाही,
आकड्यांचं काढायचा.

एकोणऐंशीचा वैशाख. माझ्या बहिणीचं, कोकिळाचं लग्न.
आठव्या दिवशी मजकूर आला त्याच्या तिरक्या अक्षरात:
कोणी किती हुंडा दिला, तालुकावार.
चौदाव्या ओळीत माझा बाप.
रुपये २१ हजार.
केसमधून दोन उचलला, एक उचलला,
स्टिकमध्ये एक आधी ठेवला, मग दोन.
शिशाला काय, त्याचं वजन तेवढंच.

पुढल्या अंकात शेवटच्या पानावर:
‘१२ छापले ते २१ वाचावे.
ही जुळाऱ्याची चूक नाही. भावाची आहे.’
हेही मीच जुळवलं.

कोकिळाला आठ महिने माहेरी ठेवली.
एका दुपारी तो आला, ओट्यावर बसला,
शेचाळीस डिग्रीत डोक्याला टोपी नाही.
माफी मागेल असं वाटलं मायला.
तो म्हणाला, मी लिहिलं नसतं तर
आकडा कमी झाला असता का?
बापानं पाणी आणलं, त्याच्यापुढं ठेवलं,
आणि आत जाऊन कडी लावली.
मी दाराच्या बाहेर राहिलो. आत की बाहेर,
हे त्या क्षणी ठरवायला वेळ मिळाला नाही.

त्याच्या पोराच्या लग्नाला बातमी:
‘संपादकाच्या घरी पाच तोळे आले.
संपादक झोपला होता.’
बायको त्याच्याशी वर्षभर बोलली नाही.
तो बामणोदला जाऊन एकटाच भरीत खायचा,
कळण्याची भाकर कुस्करून, कांद्याच्या पातीसोबत,
आणि समोरच्याला म्हणायचा, वांगं कच्चं राहिलं.

आता बोअर आठशे फुटांवर गेलीय.
वंगणवाला बाजार समितीत सभापती आहे,
पत्रकावर निमंत्रकांत पहिलं नाव त्याचं.

मी लाल पेन काढला. ‘समाजभूषण’ खोडलं.
‘निर्भीड’ ठेवलं, मग तेही खोडलं;
भीत होता तो, मला माहीत आहे,
प्रूफ आणताना जिन्यात बिडी दोनदा विझायची.
‘थोर’ खोडलं.
काका, मग तिथं काय टाकू?

मोकळी जागा सोड, म्हटलं.
आमच्या काळी मोकळी जागाही शिशाचीच असायची,
जुळवावी लागायची, फक्त उमटायची नाही.

पोरानं मान डोलावली.
एक बटन दाबलं,
आणि उरलेले शब्द आपोआप
एकमेकांजवळ सरकले.